डिरेक्टरी सर्व्हर ‘चालू’ आहे, मग लॉगिन का होत नाही? तब्येत आणि प्रतिसादाचा वेळ तपासण्याविषयी सविस्तर

सकाळी दहाची वेळ. काउंटरवर रांग लागलेली आणि कर्मचारी पासवर्ड टाकून स्क्रीनकडे बघत बसलेला. चक्र फिरतंय, आत काही जाता येत नाही. तक्रार सर्व्हर रूमपर्यंत पोचते. तिथला माणूस सर्व्हरला पिंग मारतो, उत्तर लगेच येतं. ‘सर्व्हर चालू आहे, तुमच्याच मशीनमध्ये काहीतरी असेल,’ असं सांगून फोन ठेवला जातो. बँक, दवाखाना, कॉलेज, कारखाना, कुठंही घडणारा हा प्रकार. यात दोघंही खरंच बोलत असतात. सर्व्हर चालू असतो आणि लॉगिनही होत नसतं.

हे समजून घ्यायचं तर डिरेक्टरी सर्व्हर नेमकं काय करतो ते आधी पाहायला हवं.

संस्थेची नोंदवही

डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे संस्थेतल्या माणसांची आणि मशीनची एकत्र नोंदवही. कोण कर्मचारी, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, तो कोणत्या गटात मोडतो, त्याला कोणती फाइल उघडता येईल, कोणत्या प्रिंटरवर छापता येईल, हे सगळं इथं विचारलं जातं. ईमेल, वायफाय, व्हीपीएन, हजेरीचं मशीन, हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळे याच वहीत डोकावतात. म्हणून ही वही उघडेना झाली की एक सेवा बंद पडत नाही, सगळ्याच अडकतात.

या वहीशी बोलण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे एलडॅप. 1988 साली एक्स.500 नावाचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं होतं, पण ते साध्या संगणकांना फार जड होतं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची हलकी आवृत्ती तयार झाली, ती एलडॅप. आज वापरात असलेली तिसरी आवृत्ती 1997 ची. ओपनएलडॅप हा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प 1998 मध्ये सुरू झाला आणि मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी विंडोज 2000 बरोबर आली. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत ‘डोमेन’ म्हणतात ती हीच. एलडॅप साधारणपणे 389 क्रमांकाच्या पोर्टवर बोलतो, कूटबद्ध संवादासाठी 636 वापरतात. एका सर्व्हर सॉफ्टवेअरचं तर नावच ‘389 डिरेक्टरी सर्व्हर’ आहे.

गुगलची ती 47 मिनिटं

14 डिसेंबर 2020. भारतात संध्याकाळचे सव्वापाच. जीमेल, यूट्यूब, गुगल डॉक्स, क्लासरूम एकदम बंद पडलं. कोरोनाचे दिवस, शाळा-कॉलेजं मोबाइलवर भरत होती, त्यामुळे अनेकांना आपलंच इंटरनेट गेलं असं वाटलं. पण ज्यांनी लॉगिन न करता यूट्यूब उघडलं त्यांना व्हिडिओ दिसत होते. म्हणजे व्हिडिओचे सर्व्हर ठणठणीत होते. अडकली होती ती माणूस ओळखणारी यंत्रणा, गुगलची प्रचंड मोठी नोंदवही.

नंतर गुगलने दिलेलं कारण मासलेवाईक आहे. कोणत्या सेवेला किती साधनसामग्री द्यायची हे ठरवणारी एक स्वयंचलित यंत्रणा तिथं आहे. ऑक्टोबरमध्ये खात्यांची सेवा नव्या यंत्रणेत नोंदवली गेली, पण जुन्या यंत्रणेचे काही भाग तसेच राहिले आणि ते या सेवेचा वापर ‘शून्य’ असल्याचं कळवत राहिले. काही काळ मुदत होती म्हणून काही झालं नाही. मुदत संपल्यावर यंत्रणेने शून्य वापर असलेल्या सेवेचा वाटा कमी केला. खात्यांच्या डेटाबेसमध्ये नवी नोंद लिहिणं थांबलं. लिहिणं थांबल्यामुळे थोड्याच वेळात वाचलेली माहिती शिळी ठरू लागली आणि ओळख पटवण्याच्या विनंत्या फेटाळल्या जाऊ लागल्या. एखाद्या सेवेचा वापर अचानक शून्य दिसला तर थांबून विचारावं, अशी तपासणी तिथं नव्हती. 47 मिनिटांनी सेवा परतल्या.

जगातल्या सर्वांत तयारीच्या मंडळींकडे हे घडलं. मोजमाप चुकीचं असेल तर मोजमाप नसण्यापेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं, हे या घटनेत उघड दिसतं. लहान संस्थेत याचंच छोटं रूप असतं, तपासणीच्या पाटीवर सगळं हिरवं आणि काउंटरवर रांग.

कुठल्या पायरीवर तपासता?

पिंगला उत्तर आलं याचा अर्थ एवढाच, की मशीनला वीज आहे, नेटवर्कची वायर जागेवर आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत आहे. डिरेक्टरीची सेवा त्याच मशीनवर गाडून पडलेली असली तरी पिंग चालतोच. पुढची पायरी 389 पोर्ट उघडं आहे का हे बघण्याची. तीही फसवी आहे. सेवेचे सगळे थ्रेड कामात गुंतून पडलेले असतात, नवीन जोडणी ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर स्वीकारते आणि ती रांगेत ताटकळत राहते. बाहेरून पोर्ट उघडं दिसतं.

त्यानंतर बरेच जण सर्व्हरची मूळ नोंद वाचून बघतात. तिला रूट डीएसई म्हणतात. सर्व्हरला काय काय येतं हे सांगणारी ही नोंद बहुधा लॉगिन न करताही वाचता येते, म्हणून तपासायला सोपी. पण ओपनएलडॅपसारख्या सर्व्हरमध्ये तिचं उत्तर देताना खऱ्या डेटाबेसला हातच लागत नाही. दुकानाच्या दारावरची पाटी वाचून आत माल आहे असं धरण्यातला हा प्रकार.

खरी तपासणी लॉगिनपासून सुरू होते. त्यासाठी एक वेगळं, अगदी कमी अधिकारांचं खातं ठेवायचं, त्याने सर्व्हरशी ओळख पटवायची, एक ठरलेली नोंद शोधायची आणि ती नोंद खरोखर हातात आली का हे पाहायचं. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण शोध ‘यशस्वी’ झाला असं सर्व्हर सांगतो आणि सोबत एकही नोंद येत नाही, असंही होतं. एखादी प्रत अर्धवट भरली गेली असेल किंवा त्या खात्याचे वाचण्याचे अधिकार गेले असतील, तर निकालाचा क्रमांक शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’ आणि आत काहीच नाही. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड चुकून रिकामा राहिला तर काही सर्व्हर त्याला अनामिक पाहुणा मानून चक्क आत घेतात. तपासणी पास, प्रत्यक्षात पासवर्ड तपासलाच गेला नाही.

निकालाचे क्रमांक ओळखीचे असले की अर्धं काम होतं. 49 म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, यात सर्व्हर निरोगी आहे. 51 म्हणजे सर्व्हर कामात बुडालाय, 52 म्हणजे सेवा उपलब्ध नाही, 3 म्हणजे ठरलेल्या वेळेत शोध संपला नाही. या चारही गोष्टी ‘फेल’ या एकाच लाल दिव्याखाली टाकणं म्हणजे ताप आणि हाड मोडणं यांना एकच गोळी देणं. मध्यरात्री 49 ची रांग लागली असेल तर ती वेगळीच बातमी, कुणीतरी पासवर्ड अंदाजाने मारत असण्याची शक्यता असते.

सगळ्यात वरची पायरी लिहिण्याची. दर काही मिनिटांनी एका ठरावीक नोंदीत ताजी वेळ लिहायची आणि ती परत वाचायची. ही तपासणी फार कमी ठिकाणी असते, आणि नेमका इथंच घोटाळा होतो. ओपनएलडॅपच्या आताच्या डेटाबेसला कमाल आकार आधीच ठरवून द्यावा लागतो. दिला नाही तर तो अवघा 10 एमबी धरला जातो. तो भरला की वाचणं सुरळीत चालू राहतं, लॉगिनही होतात, फक्त नवीन काही लिहिता येत नाही. नवा कर्मचारी येईपर्यंत किंवा कुणी पासवर्ड बदलायला जाईपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

सरासरी सांगते ते आणि सांगत नाही ते

प्रतिसादाच्या वेळेचा विषय निघाला की ‘सरासरी किती?’ हा पहिला प्रश्न असतो. समजा 1000 विनंत्यांपैकी 980 ना 5 मिलिसेकंदांत उत्तर मिळालं आणि 20 विनंत्या प्रत्येकी 4 सेकंद अडकल्या. सरासरी निघते सुमारे 85 मिलिसेकंद. कागदावर छान. पण असा 85 मिलिसेकंदांचा अनुभव त्या हजारांत एकालाही आलेला नाही, बहुतेकांना त्याहून कितीतरी जलद आणि काहींना असह्य.

त्यात एका लॉगिनमागे एकच विनंती नसते. माणूस कोण, त्याचे गट कोणते, त्या गटांचे वरचे गट कोणते, धोरणं कोणती, असे अनेक फेरे होतात. दहा फेरे धरले आणि प्रत्येकात अडकण्याची शक्यता दोन टक्के असली, तर किमान एकदा अडकणाऱ्यांचं प्रमाण अठरा टक्क्यांवर जातं. म्हणजे पाच-सहा जणांमागे एक. काउंटरवरची तक्रार इथून येते. म्हणून जाणकार मंडळी सरासरीपेक्षा ‘शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या किती वेळात संपल्या’ हा आकडा बघतात. वरच्या उदाहरणात तो थेट 4 सेकंद निघतो आणि दुखणं उघडं पडतं.

मोजायचं कुठून, हाही तितकाच मोठा प्रश्न. सर्व्हरवरच बसून मोजलं तर नेटवर्क हिशेबातून सुटतं. एखाद्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय बेळगावात आणि शाखा निपाणी, खानापूर, चंदगडला असतील, तर मोजणारी स्क्रिप्ट शाखेतल्या मशीनवर चालायला हवी. शाखेतून नाव शोधायला डीएनएसला तीन सेकंद लागत असतील तर डिरेक्टरी सर्व्हर कितीही चपळ असून उपयोग नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत तर जवळचा सर्व्हर कोणता हेच डीएनएस सांगतो. तिथली नोंद चुकली की खानापूरचं मशीन पलीकडच्या राज्यातल्या सर्व्हरला विचारत बसतं आणि सगळे म्हणतात, ‘लाइन स्लो आहे.’

किती वेळ म्हणजे चांगला, याला सगळ्यांना लागू होणारा आकडा नाही. आपल्याच सर्व्हरचे दोन-तीन आठवडे मोजून ठेवायचे. सोमवारी सकाळी दहाला किती, दुपारी किती, महिनाअखेरीला किती. तब्येतीचा नेहमीचा आकडा माहीत नसेल तर बिघडलेला आकडा ओळखणार कसा?

मंदावतो कशामुळे?

बहुतेक वेळा गुन्हेगार एकच असतो, निर्देशांक नसलेला शोध. जुनी टेलिफोन डिरेक्टरी आठवा. आडनावावरून नंबर शोधायला अर्धं मिनिट. पण नंबर देऊन ‘हा कुणाचा?’ विचारलं तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुस्तक वाचावं लागेल. सर्व्हरचं तसंच. नवं सॉफ्टवेअर बसवलं जातं, ते कर्मचाऱ्याला मोबाइल नंबरवरून शोधतं, मोबाइल नंबरचा निर्देशांक तयार केलेला नसतो, आणि प्रत्येक शोधाला सगळी वही उलटली जाते. दोनशे नोंदी असताना कुणाला कळत नाही. वीस हजार झाल्यावर कळतं.

याचा पुरावा लॉगमध्ये असतो. 389 डिरेक्टरी सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक कामाला किती वेळ लागला हे ‘ईटाइम’ या नावाने लिहिलेलं असतं, आणि निर्देशांकाविना केलेल्या शोधापुढे ‘यू’ अक्षराची खूण पडते. ओपनएलडॅपच्या नव्या आवृत्त्या रांगेत गेलेला वेळ आणि काम करण्यात गेलेला वेळ वेगवेगळा दाखवतात. हा फरक कामाचा आहे. रांगेतला वेळ वाढला असेल तर गर्दी जास्त आहे, कामाचा वेळ वाढला असेल तर शोधच जड आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदणी सुरू केली तर महागड्या शोधांची 1644 क्रमांकाची नोंद मिळते. त्यात शोध कोणत्या मशीनवरून आला तेही असतं, म्हणजे भांडण नेमकं कुणाशी करायचं ते समजतं.

दुसरं कारण बंद न केलेल्या जोडण्या. एखादं सॉफ्टवेअर जोडणी उघडतं, काम झाल्यावर मिटत नाही. लिनक्सवर एका प्रक्रियेला किती फाइल-जोडण्या उघडता येतील याची मर्यादा अनेक ठिकाणी 1024 असते. संख्या रोज थोडी थोडी चढते, एके दिवशी मर्यादा गाठते आणि नवा माणूस आत येऊ शकत नाही. रिस्टार्ट केलं की सगळं सुरळीत, म्हणून ‘रिस्टार्ट करा, होतंय’ हाच उपाय वर्षभर चालतो. उघड्या जोडण्यांचा आलेख काढला तर चढण आठवडाभर आधी दिसते. ओपनएलडॅप आणि 389, दोन्ही सर्व्हर स्वतःच्या आकडेवारीसाठी ‘मॉनिटर’ नावाची वेगळी शाखा ठेवतात. जोडण्या, चालू कामं, संपलेली कामं हे तिथून साध्या एलडॅप शोधाने वाचता येतं.

मेमरी आणि डिस्कविषयी जास्त सांगायला नको. वही मेमरीत मावली तर जलद, डिस्कवर जावं लागलं तर संथ.

प्रतींचं गणित

एकाच सर्व्हरवर विसंबून कुणी राहत नाही, दोन-चार प्रती असतात. एका ठिकाणी केलेला बदल बाकीच्यांकडे पोचवला जातो. तो किती उशिरा पोचतो याकडे दुर्लक्ष झालं तर प्रश्न सुरक्षेचा होतो. कामावरून काढलेल्या माणसाचं खातं मुख्य कार्यालयात दुपारी बंद केलं, पण शाखेच्या प्रतीत ते संध्याकाळपर्यंत चालूच. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरमधली देवघेव मूळ मांडणीत दर 180 मिनिटांनी होते. ती 15 मिनिटांपर्यंत खाली आणता येते. कुणी बदललीच नसेल तर तीन तासांची फट रोजचीच.

उशीर मोजण्याचा सोपा मार्ग वर आला आहे. एका सर्व्हरवर वेळ लिहायची आणि बाकीच्यांवर ती कधी दिसते ते पाहायचं. ओपनएलडॅपमध्ये प्रत्येक प्रतीकडे शेवटच्या बदलाची खूण असते, दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या की अंतर कळतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ‘रेपअ‍ॅडमिन’ हे साधन प्रत्येक जोडीची शेवटची यशस्वी देवघेव सांगतं. पुसलेल्या नोंदींच्या खुणा तिथं साधारणपणे 180 दिवस जपल्या जातात. एखादा सर्व्हर त्याहून जास्त काळ तुटून राहिला तर त्याला परत जोडायचं नसतं, नाहीतर पुसलेली खाती पुन्हा जिवंत होऊ शकतात.

आणि प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं कोसळलं. त्यांच्या समूहाचं न्हावा-शेवा इथलं टर्मिनलही ठप्प झालं, कंटेनर बंदरात अडकले. कंपनीकडे डिरेक्टरीचे सुमारे दीडशे सर्व्हर होते, सगळे एकमेकांची प्रत ठेवणारे. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील हे धरलेलं नव्हतं. वाचला तो घानातला एक. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका सर्व्हरवरून सगळी वही परत उभी राहिली. लोडशेडिंगचा असा उपयोग क्वचितच होत असेल. शेवटचा बॅकअप कधी झाला आणि तो परत उघडतो का, ही तपासणी म्हणूनच रोजच्या यादीत हवी.

तारीख आणि घड्याळ

काही बिघाड तारीख सांगून येतात. कूटबद्ध संवादासाठीचं प्रमाणपत्र ठरलेल्या दिवशी संपतं आणि त्या क्षणापासून 636 पोर्टवरचे सगळे ग्राहक पाठ फिरवतात. महिनाभर आधी इशारा देणारी स्क्रिप्ट चार ओळींची असते, तरी दरवर्षी कुणाचं ना कुणाचं प्रमाणपत्र संपतंच. घड्याळाचंही तसंच. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतलं लॉगिन केर्बेरॉस पद्धतीने होतं आणि दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर ते नाकारलं जातं. पासवर्ड बरोबर, सर्व्हर निरोगी, नेटवर्क उत्तम, तरी प्रवेश नाही. मदरबोर्डवरची जुनी बॅटरी अशा वेळी तासभर डोकं खाते.

इशारा कुणाला, कसा?

नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस अशी मुक्त साधनं यासाठी उपलब्ध आहेत. नागिओसमध्ये एलडॅप तपासणारा तयार भाग मिळतो. छोट्या कार्यालयाला दर पाच मिनिटांनी चालणारी एक स्क्रिप्टही पुरते. एका चुकलेल्या उत्तरावर फोन वाजवू नये. लागोपाठ तीनदा चुकलं तर वाजवावा. रात्री-अपरात्री विनाकारण वाजणारा फोन दोन आठवड्यांत म्यूट होतो आणि मग खऱ्या वेळी कुणी उचलत नाही.

इशाऱ्याची वाटही तपासावी. इशारा ईमेलने येतो, ईमेल उघडायला डिरेक्टरीतून लॉगिन लागतं, आणि डिरेक्टरीच बंद आहे, अशी मांडणी कितीतरी ठिकाणी सापडेल. एसएमएस किंवा थेट फोन हा वेगळा रस्ता हवा. तपासणीच्या खात्याचा पासवर्ड 90 दिवसांनी संपणारा असेल तर एक्क्याण्णवाव्या दिवशी सगळे दिवे लाल होतात.

शेवटी एक खातं असं लागतं जे डिरेक्टरीवर अवलंबून नाही. सर्व्हरवरचं स्थानिक अ‍ॅडमिन खातं, त्याचा पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात, तिजोरीत. पाकीट कुठं आहे हे किमान दोघांना माहीत असावं आणि पासवर्ड अजून चालतो का हे सहा महिन्यांतून एकदा पाकीट उघडून पाहावं. मग नवा पासवर्ड, नवं पाकीट, वर तारीख आणि सही.